फॉइलवर फक्त ‘पिन’ उरलं होतं : औषधाची तीव्र रिअ‍ॅक्शन, आईचा अनुभव

धागाकर्ती : गोदाकाठची

गेली पाच-सहा वर्षं मी इथे वाचनमात्र आहे. आज लिहायला बसले त्याला कारण आहे. परवा इंदिरानगरला ओळखीच्या एका बाईंना तापात अंगभर लाल चट्टे उठले, ओठ सुजले, आणि घरातले “उष्णता बाहेर पडतेय, धण्या-जिऱ्याचं पाणी द्या” म्हणत दोन दिवस थांबले होते. मी फोनवर एकच विचारलं, नवीन गोळी कुठली सुरू झालीय का? तीन आठवड्यांपूर्वी फिटची गोळी सुरू झाली होती. बाई आता दवाखान्यात आहेत, वेळेत पोचल्या. आमच्या आईच्या वेळी हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नाही आणि आम्हालाही सुचला नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

आई ६३ वर्षांची, पंचवटीत राहते. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या गालात कळा यायला लागल्या. दात घासताना, नुसता वारा लागला तरी, वीज चमकल्यासारखी कळ जायची आणि ती गाल धरून जागच्या जागी बसायची. आधी दाताचं दुखणं समजून दोन दाढा काढून झाल्या. कळ तशीच. मग मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे, आणि कार्बामाझेपिन सुरू केलं. गुण लगेच आला. आठव्या दिवशी आईने कित्येक महिन्यांनी डाव्या बाजूने भाकरी चावून खाल्ली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत बसलो होतो. त्यामुळे पुढे जे झालं त्यात या गोळीवर संशय घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही. जिने गुण दिला तीच बाधेल असं कसं वाटणार?

सोळाव्या दिवशी ताप आला. अंग दुखत होतं, घसा धरला होता. जवळच्या डॉक्टरांनी व्हायरल आहे म्हणून तापाची आणि घशाची औषधं दिली. सतराव्या दिवशी डोळे लालभडक. तेव्हा गल्लीत डोळ्यांची साथ होती, आम्ही म्हटलं डोळे आले. अठराव्या दिवशी ओठ आतून फुटले, पाणीही गिळवेना. आणि या तीनही दिवसांत सकाळ-रात्र ती गोळी मी स्वतःच्या हाताने तिला देत होते. गिळवत नव्हती म्हणून कुटून, मधातून.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी तिचं अंग पुसत होते. पाठीवर जांभळट डाग होते, रात्री नव्हते. ओला पंचा खांद्यावरून खाली आणला आणि त्याच्याबरोबर कातडी सरकली. दुधावरची साय बोटाने ओढली की चुणी पडून गोळा होते, तशी. आई ओरडली नाही. “आग होतेय गं” एवढंच म्हणाली.

दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? मी घरून निघताना डब्यातलं सगळं पिशवीत भरलं होतं. गालाच्या गोळीची स्ट्रिप मेडिकलमधून कात्रीने कापून दिलेली, त्यातल्याही दोनच गोळ्या उरलेल्या. फॉइलवर नावाचं शेवटचं टोक तेवढं राहिलं होतं, इंग्रजीत चार अक्षरं, ‘पिन’. आईची रक्तदाबाची गोळी अ‍ॅम्लोडिपिन. मी ते टोक वाचलं आणि ठामपणे सांगितलं, ही बीपीची, सात वर्षं चालू आहे. गडबडीत मला खरंच तसंच वाटलं. डॉक्टर म्हणाले, “सात वर्षं चाललेली गोळी सहसा आज असं करत नाही. गेल्या दोन महिन्यांत नवीन काय?” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिठ्ठी सापडेना, बिल घेतलं नव्हतं. भाऊ मेडिकलवर गेला, दुकान दुपारचं बंद. संध्याकाळी पाचला नाव कळलं.

आजाराचं नाव स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. डॉक्टरांनी आईचाच तळहात तिच्या पाठीशेजारी धरून किती कातडी सुटलीय ते मोजलं. रुग्णाचा बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. पहिल्या दिवशी आठ तळहात, दुसऱ्या दिवशी अकरा.

२४ दिवस आम्ही तिथे होतो. सगळं लिहीत नाही. एक मात्र सांगते. चौथ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, केळीची पानं आणून द्याल का, मोठी, न फाटलेली. चादर ओल्या जखमेला चिकटते आणि कूस बदलली की उरलीसुरली कातडी घेऊन येते. पान चिकटत नाही, गारही राहतं. भाऊ रोज पहाटे बाजारातून पानं आणायचा, मी मधला दांडा काढून ती पुसून द्यायचे, मग त्या निर्जंतुक करून आईखाली अंथरायच्या. आमच्याकडे सत्यनारायणाला चौरंगाला केळीचे खांब बांधतात. यंदा ते बांधताना माझा हात थांबला होता.

आई आज बरी आहे. नखं सगळी गळून नवी आली, पाठीवर काळे-पांढरे डाग आहेत, डोळे कोरडे पडतात, दिवसातून सात-आठ वेळा थेंब घालावे लागतात. पण आहे.

कोणाच्या घरात असं झालं असेल तर लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर माझं काही चुकत असेल ते दुरुस्त करा.

---

द्राक्षवेल

वाचून काटा आला. आईंना नमस्कार सांगा, ताई. वाचनखूण साठवली आहे.

---

गंगापूररोडकर

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाशिकमध्येच. ताई, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. थोडी भर घालतो.

१९२२ मध्ये स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी सात आणि आठ वर्षांच्या दोन मुलांचं वर्णन केलं : ताप, अंगभर पुरळ, तोंड आलेलं, डोळे भयंकर सुजलेले. त्यावरून हे नाव पडलं. १९५६ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅलन लायेल यांनी याचं मोठं रूप मांडलं, त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात. दोन्ही एकाच आजाराची टोकं आहेत. दहा टक्क्यांपेक्षा कमी कातडी सुटली तर पहिलं, तीसच्या वर गेली तर दुसरं, मधलं ते मधलं. तुमच्या आई अकरा टक्क्यांवर, म्हणजे मधल्या गटात होत्या. पहिल्या प्रकारात शंभरातले पाच ते दहा रुग्ण दगावतात, तीस टक्क्यांच्या पुढे गेलं की साधारण तिघांतला एक. म्हणून तळहात मोजतात. त्या मोजणीवर रुग्णाला कुठे ठेवायचं, सलाईन किती द्यायचं, सगळं ठरतं, कारण भाजलेल्या माणसासारखंच शरीरातलं पाणी आणि उष्णता बाहेर जात असते.

आजार दुर्मिळ आहे. दहा लाख लोकांत वर्षाला एक ते सहा. त्यामुळे एखाद्या फॅमिली डॉक्टरला अख्ख्या आयुष्यात एकही रुग्ण दिसणार नाही असं होऊ शकतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत हा आजार हुबेहूब व्हायरल तापासारखा दिसतो, तेव्हा पहिल्या डॉक्टरांना फार दोष देऊ नका. मात्र एक सापळा आहे आणि तो मी वारंवार बघतो. ताप हा रिअ‍ॅक्शनचाच पहिला भाग असतो. त्या तापासाठी माणूस पॅरासिटामॉल किंवा अँटिबायोटिक घेतो, तिसऱ्या दिवशी अंगावर फोड दिसतात, आणि सगळे म्हणतात, कालची तापाची गोळी बाधली. ती बंद होते. दोन-तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेली खरी गोळी चालूच राहते. या आजारात औषध सुरू झाल्यापासून साधारण चार दिवस ते चार आठवडे या काळात त्रास सुरू होतो. म्हणून कॅलेंडर मागे न्यायचं असतं, कालपरवापुरतं बघून भागत नाही.

पुन्हा पुन्हा नाव येतं ती औषधं मोजकी आहेत. फिटची आणि नसांच्या दुखण्याची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटल, लॅमोट्रिजिन. युरिक अ‍ॅसिडचं अ‍ॅलोप्युरिनॉल. सल्फाची औषधं, उदाहरणार्थ कोट्रायमोक्साझोल. एचआयव्हीचं नेव्हिरॅपिन. वेदनाशामकांतला ऑक्सिकॅम गट, म्हणजे पायरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम. ही वाईट औषधं नाहीत. लाखो लोक रोज घेतात आणि त्यांच्यावरच उभे आहेत.

---

जास्वंद

डॉक्टर, थोडं वेगळं विचारते. यांना जुलाबाची गोळी घेतली की दर वेळी खालच्या ओठावर एक काळा डाग उठतो, आधी लाल होऊन चुरचुरतो. जागा अगदी तीच. आम्ही म्हणायचो पान-तंबाखूचं असेल, पण हे तर काहीच खात नाहीत. याचा संबंध आहे का?

---

गंगापूररोडकर

@जास्वंद, संबंध आहे, पण घाबरू नका, हा वेगळा आणि सहसा सौम्य प्रकार आहे. याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. त्या जागेच्या कातडीत आठवण धरून बसलेल्या पेशी असतात, तेच औषध पुन्हा पोटात गेलं की तिथेच उठतं. आपल्याकडे जुलाबाला दोन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोल वगैरे. दोन्हीपैकी कुठलंही कारण असू शकतं. गोळीचं नाव लिहून ठेवा आणि ती पुन्हा घेऊ देऊ नका. दर वेळी घेत राहिलं तर डाग वाढतात, क्वचित फोड अंगभर पसरतात. जुलाबाला त्यांना ओआरएस द्या. बहुतेक जुलाबांना त्या गोळीची गरजच नसते.

---

अबोली

मला या धाग्याबद्दल थोडं स्पष्ट बोलायचंय. माझ्या मुलाला नवव्या वर्षापासून फिट येतात. आता तो १७ चा आहे आणि फेनिटॉइनवर गेली तीन वर्षं एकही फिट नाही. त्याआधी एकदा अशा गोष्टी वाचून माझ्या सासूबाईंनी मला न सांगता त्याच्या गोळ्या चार दिवस बंद केल्या होत्या. पाचव्या दिवशी शाळेच्या जिन्यात त्याला एकामागून एक फिट आल्या, कपाळाला सात टाके पडले. ताई, तुमच्या आईंचं ऐकून खरंच वाईट वाटलं, पण हे वाचून कोणी घाबरून गोळ्या टाकून देईल त्याचं काय?

---

गंगापूररोडकर

@अबोली, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमच्या मुलाला ती गोळी तीन वर्षं चालतेय, म्हणजे या रिअ‍ॅक्शनचा धोक्याचा काळ कधीच मागे पडला. हा त्रास जवळजवळ नेहमी पहिल्या दोन महिन्यांतला. त्याची गोळी एकही दिवस चुकवू नका.

आणि साधं पुरळ म्हणजे हा आजार नव्हे. अ‍ॅमॉक्सिसिलिनने खाज सुटणारं बारीक पुरळ उठलेली मुलं मी आठवड्याला बघतो, त्यातली बहुतेक चार दिवसांत बरी होतात. मी कशाला घाबरतो ते सांगतो. ताप असताना पुरळ. खाज कमी आणि आग जास्त. तोंड, डोळे, लघवीची जागा यांतली कुठलीही ओली त्वचा सोलवटणं. पुरळाचा रंग लालवरून जांभळा-काळपट होणं, मधे फोड येणं. चेहरा सुजणं. यातलं काही नव्या गोळीच्या पहिल्या आठ आठवड्यांत झालं तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. फिटची गोळी असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तिथे ती बंद करून लगेच दुसऱ्या जातीची सुरू करावी लागते. घरी बसून नुसती बंद करायची नाही. औषध जितक्या लवकर थांबतं तितकी वाचण्याची शक्यता वाढते, एकेक दिवस मोजला जातो.

गोळी किंवा इंजेक्शननंतर काही मिनिटांत घसा आवळणं, श्वास लागणं, चक्कर, अंगावर गांधी, हे पूर्ण वेगळं. त्यात वाट बघायची नसते. १०८ ला फोन, आणि जवळ जो कोणी डॉक्टर असेल त्याने मांडीत अ‍ॅड्रिनॅलिन द्यायचं.

---

अबोली

धन्यवाद डॉक्टर. सासूबाईंना हे वाचून दाखवलं.

---

ओझरकर

आमच्याकडे कातडी सुटली नाही, पण मामला याच जातीचा. वडील ६८, नोकरीतून निवृत्त. त्यांनी संपूर्ण शरीर तपासणीचं पॅकेज केलं, त्यात युरिक अ‍ॅसिड ७.८ आलं. अंगठा कधी सुजला नाही, सांधा कधी दुखला नाही, मुतखडा नाही. तरी अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू झालं, आणि पहिल्याच दिवसापासून ३०० मिलिग्रॅम. किडनी थोडी कमजोर होती, क्रिएटिनिन १.६.

पाचव्या आठवड्यात ताप. चेहरा इतका सुजला की शेजाऱ्यांनी ओळखलं नाही. मानेत गाठी आल्या, अंग लालभडक. आधी डेंग्यू, मग टायफॉइड, मग लिम्फोमाची, म्हणजे गाठींच्या कॅन्सरची, शंका म्हणून गाठ तपासायचं ठरत होतं. शेवटी एका तरुण फिजिशियन मॅडमनी रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल्स नावाच्या पेशी आणि लिव्हरचे आकडे बघून विचारलं, बाबा, दीड-दोन महिन्यांत नवीन काय सुरू केलंत? बाबा तेव्हाही म्हणाले, “आजाराचं काही नाही, ती युरिकची एक साधी गोळी.” त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं.

याला ड्रेस (DRESS, इंग्रजी आद्याक्षरांचं नाव) म्हणतात, औषधाच्या रिअ‍ॅक्शनचाच एक प्रकार. स्टिरॉइड सुरू झालं, गोळी बंद केल्यानंतरही लिव्हर तीन आठवडे वर-खाली होत होतं. पुढे चार महिन्यांनी थायरॉइड बिघडलं, तेही यातूनच होऊ शकतं असं मॅडम म्हणाल्या. एका गोष्टीचा मला आजही त्रास होतो. ती गोळी त्यांना मुळात लागतच नव्हती.

---

गंगापूररोडकर

@ओझरकर, तुमचा त्रास रास्त आहे. काहीही लक्षण नसताना नुसता युरिक अ‍ॅसिडचा आकडा वाढलाय म्हणून बहुतेकांना औषध लागत नाही. ज्यांना गाउट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडने सांधे सुजण्याचा आजार, आहे त्यांना लागतं, पण सुरुवात १०० मिलिग्रॅमने किंवा त्याहून कमी, आणि किडनी कमजोर असेल तर आणखी जपून.

ड्रेस हे नाव १९९६ चं. हा दोन ते आठ आठवड्यांनी येतो, म्हणून लोकांना आणि डॉक्टरांनाही गोळीशी नातं जुळवता येत नाही. आपल्याकडची एक गोष्ट इथे सांगायला हवी. ३० नोव्हेंबर २०२३ ला भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल इशारा काढला, त्याने ड्रेस होऊ शकतो, लक्ष ठेवा म्हणून. पाळीच्या दुखण्याला आपल्या मुली-बायका जी गोळी एकमेकींना पर्समधून काढून देतात त्यात हेच असतं. एखाद्या वेळी घेतली म्हणून घाबरायचं कारण नाही. पण घेतलेलं असेल आणि नंतर ताप-पुरळ आलं तर डॉक्टरांना सांगताना तिचंही नाव घ्या. “औषध काहीच चालू नाही” म्हणणाऱ्या किती मुलींच्या पर्समध्ये ती सापडते.

---

गोळेकॉलनी

मी मेडिकल लाइनमध्ये २२ वर्षं आहे. ताईंची कापलेल्या स्ट्रिपची गोष्ट वाचून दुकान उघडायच्या आधी हे लिहितोय, कारण कात्री माझ्याच हातात असते.

सहा गोळ्या लिहिल्या असतील तर दहाची स्ट्रिप गळ्यात मारणं बरोबर नाही, गिऱ्हाइकाला परवडतही नाही. कापावीच लागते. पण बऱ्याच स्ट्रिपवर बॅच नंबर, तारीख एका टोकाला असते आणि नाव मधे. कुठून कापलं त्यावर तुमच्या वाट्याला काय येतं ते ठरतं. ३०० मोठ्या ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा झालाय, पण तो कापला गेला की संपलं.

काय करायचं ते सांगतो. काउंटरवरच, कापायच्या आधी, पूर्ण स्ट्रिपचा मागून फोटो काढा. कोणी नाही म्हणणार नाही. बिल मागा, त्यावर नाव आणि बॅच येतो. ब्रँडखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, लक्षात ठेवायचं ते. ब्रँड बदलला की लोकांना वाटतं औषध बदललं. एका गिऱ्हाइकाला एका कंपनीच्या सल्फाच्या गोळीने अंगावर उठलं होतं, सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीची तीच गोळी चिठ्ठीवर आली. मी दिली असती. त्याने सहज बोलता बोलता सांगितलं म्हणून वाचला.

आणि कृपा करून “ती पिवळी लंबगोल द्या, मागच्या वेळी दिली होती” असं सांगून गोळ्या घेऊ नका. पिवळ्या लंबगोल गोळ्या माझ्याकडे चाळीस असतील.

---

पेठची_सिस्टर

मी आदिवासी पट्ट्यात नोकरी करते. तुमच्याकडे निदान ‘पिन’ उरलं होतं. इथे गोळ्या कागदाच्या पुडीत मिळतात, तीन रंगाच्या, सकाळ-दुपार-संध्याकाळ. बाटलीवर नाव नाही, चिठ्ठी नाही. पेशंट सांगतो, “गुलाबी बाधली.” गुलाबी म्हणजे काय ते देणाऱ्यालाच माहीत, आणि तो मंगळवारच्या बाजारालाच येतो.

एक मुलगी आणली होती, १४ वर्षांची. घरच्यांनी देवी आल्या समजून तिला कडुनिंबाच्या पाल्यावर पाच दिवस ठेवलं होतं. डोळे उघडत नव्हते, पापण्या आतून चिकटल्या होत्या. आम्ही सलाईन लावून नाशिकला पाठवलं. ती वाचली. पण कशाने झालं ते आजपर्यंत कळलं नाही, म्हणजे पुन्हा तेच तिच्या पोटात जाऊ शकतं. हे मला झोपू देत नाही. तेव्हापासून मी पुडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला परत पाठवते, म्हणते, जा, देणाऱ्याकडून नाव लिहून आण. काही जण आणतात.

---

अंबडकर

मी त्या मुलीसारखाच. १९९० च्या दशकात, मी सात वर्षांचा असताना, जुलाबासाठी सल्फाचं पातळ औषध दिलं होतं. अंग सोलून निघालं, ते आई सांगते म्हणून माहीत. मला आठवतात ते डोळे. अंग महिन्याभरात भरून आलं, डोळे आयुष्यभरासाठी गेले होते म्हणा ना. आंधळा नाही, पण अश्रू तयार होत नाहीत, पापणीची कड आतून खरखरीत झाली आणि दर वेळी डोळा मिटला की बुबुळावर घासायची. केस आत वळलेले, दर पंधरा दिवसांनी उपटून घ्यायचे. वर्गात फळा दिसायचा नाही, उजेड सहन व्हायचा नाही. एप्रिल-मेमध्ये मी शाळेत डोक्यावर टॉवेल घेऊन बसायचो.

वयाच्या पंचविसाव्या वर्षी कोणीतरी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचं नाव सांगितलं. तिथे पापणीच्या आतल्या कडेवर ओठाच्या आतली त्वचा बसवली आणि स्क्लेरल लेन्स दिली. ही साध्या लेन्सपेक्षा मोठी, वाटीसारखी असते, बुबुळाला टेकत नाही, पांढऱ्या भागावर बसते. सकाळी वाटीत सलाईन काठोकाठ भरायचं, मान खाली घालून डोळा वाटीवर आणायचा. आत बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा. पहिल्या महिन्यात मला अर्धा तास लागायचा, आता दोन मिनिटं. बुबुळ दिवसभर त्या पाण्यात बुडून असतं. ती घालून बाहेर आलो तेव्हा समोरच्या झाडाची पानं सुटी सुटी दिसली. मी एमआयडीसीत आठ तास कॉम्प्युटरवर काम करतो.

ज्यांच्या घरात आत्ता कोणाला हा आजार झालाय त्यांना हात जोडून सांगतो. कातडीच्या गडबडीत डोळ्यांच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी बोलवा. मला दोन महिन्यांनी दाखवलं होतं.

---

गंगापूररोडकर

@अंबडकर, हे तुम्ही लिहिलंत त्याने माझं अर्धं काम झालं. पहिल्या आठवड्यात डोळ्यांवर गर्भाच्या आवरणाचा पातळ पडदा बसवता येतो, अ‍ॅम्नियॉटिक मेम्ब्रेन म्हणतात, त्याने पुढचं चिकटणं बरंच टळतं. तो आठवडा गेला की ती संधी जाते.

@पेठची_सिस्टर, तुम्ही रिपोर्ट करता का? औषधाच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, मुख्य केंद्र गाझियाबादला. १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर. डॉक्टरच असायला हवं असं नाही, नर्स, फार्मासिस्ट, स्वतः रुग्णही कळवू शकतो. मेफेनॅमिक अ‍ॅसिडचा इशारा अशाच नोंदी बघून निघाला.

---

द्राक्षवेल

डॉक्टर, हे एखाद्यालाच का होतं? आणि ताईंना व त्यांच्या भावाला धोका आहे का?

---

गंगापूररोडकर

चांगला प्रश्न. आपल्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. आत काय चाललंय त्याचा नमुना ती बाहेर धरून दाखवतात आणि प्रतिकारशक्ती तो तपासते. काही माणसांच्या एचएलएचा आकार असा असतो की ठरावीक औषध त्यात नेमकं अडकतं. मग लढाऊ टी पेशींना आपलीच कातडी परकी वाटते. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी दाखवलं की त्यांच्याकडे कार्बामाझेपिनने हा आजार झालेल्यांत एचएलए-बी*१५:०२ हा प्रकार सापडतो. अ‍ॅलोप्युरिनॉलचा असाच संबंध बी*५८:०१ शी. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने आशियाई वंशाच्या रुग्णांना कार्बामाझेपिनआधी ही तपासणी करायला सांगितलं. पुढे तैवानमध्ये ४,८७७ लोकांची आधी तपासणी करून, ज्यांच्यात हा प्रकार होता त्यांना ती गोळी दिली नाही. एकालाही आजार झाला नाही.

हे प्रकार आई-वडिलांकडून येतात, म्हणून सख्ख्या नात्यात जपावं. ताई, तुम्ही आणि भावाने आपल्या डॉक्टरांना आईचं सांगून ठेवा. आपल्याकडे ही रक्ततपासणी सरसकट होत नाही, मोठ्या लॅबमधून करून मिळते. पण ती निगेटिव्ह आली म्हणजे अगदी निर्धास्त, असंही नाही.

आणि आईंसाठी एक कार्ड करा. त्यावर फक्त कार्बामाझेपिन लिहून थांबू नका. ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटल ही त्याच घडणीची आहेत, एकीने बाधलं तर दुसरीनेही बाधू शकतं.

---

निफाडकर

ताई, कार्डावर नेमकं काय लिहिलंय ते इथे टाकाल का? मलाही आईसाठी करायचंय, तिला पेनिसिलिन चालत नाही.

---

गोदाकाठची

उशिरा उत्तर देतेय, माफ करा. आईचं कार्ड असं आहे, भावाने मराठी आणि इंग्रजीत छापून प्लॅस्टिक लावून घेतलं :

“मला कार्बामाझेपिनने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम झाला होता. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटल मला देऊ नका. गोळी सुरू झाल्यावर १६ व्या दिवशी त्रास सुरू झाला.” खाली वय, रक्तगट, भावाचा नंबर. निफाडकर, तुम्ही औषधाचं नाव, काय झालं आणि किती वेळाने झालं, हे तिन्ही लिहा. डॉक्टर तिन्ही विचारतात.

आई ते कार्ड बटव्यात, सुपारीच्या कप्प्यात ठेवते. गेल्या महिन्यात गालाची कळ पुन्हा सुरू झाली. नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी होते म्हणून दुसरीकडे गेलो. मी गाडी लावत होते, आई आत एकटीच होती. मी पोचले तेव्हा त्या डॉक्टरांच्या एका हातात चिठ्ठी होती आणि दुसऱ्या हातात आईचं कार्ड. चिठ्ठीवर पहिल्या ओळीत ऑक्सकार्बाझेपिन लिहिलेलं होतं. त्यांनी ती ओळ खोडली, कार्ड पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि कोऱ्या कागदावर नवीन चिठ्ठी लिहून आईला दिली. आईने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “वाच मोठ्याने. नाव काय म्हणतायत ते मला पाठ करू दे.”